असा कोणी हितं नाय

दिल्लीच्या त्या अभ्यास केंद्राने मला निवडलं ते माझ्या गुणांमुळे नाही, माझ्या गावामुळे, दांडीमुळे. ऑनलाइन मुलाखतीत निमेश सरांनी विचारलं, "समुद्रापासून किती लांब राहता?" मी लॅपटॉप उचलून दाराकडे फिरवला. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यामागे समुद्र होता. सर खूश झाले. आंतरराष्ट्रीय संबंध आणि परराष्ट्र धोरण या विषयातली संशोधन इंटर्नशिप मला तिथल्या तिथे मिळाली. पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीला आणखी काय हवं होतं?

विषय मिळाला तो पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या आपल्या मच्छिमारांचा. आमच्या दांडीच्या बोटी तेवढ्या लांब जात नाहीत. जातात ते मासवणकडच्या डोंगरपाड्यांवरचे आदिवासी. भात कापून झालं की पाड्यात काम उरत नाही, मग कोणीतरी मुकादम त्यांना गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून घेऊन जातो. समुद्रात आखलेली सरहद्द डोळ्यांना दिसत नाही. बोट वाहत पलीकडे गेली की सगळे पकडले जातात. आमच्या गावात हा विषय निघाला की लोक म्हणतात, "त्या डोंगरातल्यांना समुद्रातलं काय कलतं?" आणि जेवायला बसतात. मला याची चीड येते. इंटर्नशिपआधी येत नव्हती, हेही खरं.

पहिले काही आठवडे मी नुसती वाचत होते. कैद्याची सुटका कशी होते, याची एक आकृती केली, रंगीत चौकोन आणि बाण काढून. कैदी आपलं नाव-गाव सांगतो. ते तिकडच्या सरकारकडून आपल्या वकिलातीकडे जातं, तिथून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला. शेवटी कोणीतरी गावात येऊन विचारतो, हा माणूस इथलाच का? गाव हो म्हणालं की तो भारतीय. मग सगळे बाण उलटे फिरतात आणि माणूस घरी येतो. शेवटच्या चौकोनात मी "गाव" लिहिलं होतं. सरांना आकृती फार आवडली.

"आता कुटुंबं शोध," ते म्हणाले.

शोधावं लागलं नाही. माझी आई, नलू, मनोरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिने जवळा पाखडता पाखडता सांगितलं, "माज्याकडं येते एक बायडी. मासवणच्या बाजूची. तिचा घरवाला तिकडंच हाय. पन तिला दिल्लीबिल्ली सांगू नको. आस लावून बसंल."

मी गेले तेव्हा बायडी भात कांडत होती. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. सासरा महादू ओटीवर टोपली विणत होता. दारात एक तुरेवाला कोंबडा माजल्यासारखा फिरत होता. नवरा जिवल्या घरी आला की तो देवाला द्यायचा, असा नवस बायडी बोलली होती, त्यामुळे त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

"जिवल्याला बोंबील लय आवडतो," ती म्हणाली. "म्हनून तर दर्यावर गेला. बोलला, पोट भरून खाईन."

आजूबाजूच्या दोन-तीन बायका येऊन बसल्या. मी फोन रेकॉर्डिंगला लावला आणि शिकवलेले प्रश्न विचारू लागले. सरकारी माणूस कधी भेटायला आला होता का, हा त्यातला एक. या प्रश्नावर बायका एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या.

"आलता ना," बायडी म्हणाली. "दिवालीच्या आदी. खाकी प्यांट, वर साधा शर्ट. विचारतो, जिवल्या महादू हितंच रातो का? मी बोलले, असा कोनी हितं नाय."

माझा पेन थांबला.

"मंग सासऱ्याला विचारलं. त्यो बी नाय बोलला. मंग पल्याडच्या घरात गेला. सगला पाडा नाय बोलला. मी तर त्यालाच विचारलं, कंचा जिवल्या? बिचारा घाम पुशीत गेला."

बायका पुन्हा हसल्या. हे त्यांनी बरेचदा सांगितलेलं असावं, कारण कुठे हसायचं ते सगळ्यांना पाठ होतं. जंगलाला लागून जमीन कसणारा पाडा हा. इथे खाकी येते ती कोणाचं तरी नाव विचारत येते, आणि नाव सांगितलं की तो माणूस महिनोन्‌महिने कोर्टाच्या चकरा मारत बसतो. आजोबा-पणजोबांपासून या पाड्याचं उत्तर एकच. बायडीने नवऱ्याला वाचवलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं, आणि त्या आनंदात ती मला गुळाचा चहा पाजत होती. 

निघताना महादू वाटेपर्यंत सोडायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. बाण, चौकोन असलं काही नाही, साध्या शब्दांत. तो खाकीवाला धरायला नव्हता आला, सोडवायला आला होता. म्हाताऱ्याने हातातली बांबूची कांब बोटाला गुंडाळली.

"पोरी, हे तिला नको सांगू," तो म्हणाला. "बोललो तर आमी सगलेच. पन ती उरात धरंल. मरंल ती."

"बाबा, पण परत कोणी आलं आणि ती परत नाही म्हणाली तर?"

"नाय बोलनार नाय ती. मी हाय ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोळगावला जिल्हा कार्यालयात गेलो आणि अर्ज दिला, की जिवल्या आमचाच आहे, पुन्हा चौकशी करा. तिथल्या बाईंनी अर्ज नीट वाचला, म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "वर पाठवते." याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतंच. बायडीला मी एवढंच सांगितलं, की आता कोणी विचारायला आलं तर हो म्हणायचं.

"खाकीला?"

"खाकीलाच."

"का बरं?"

महादू टोपलीतून मान वर न करता म्हणाला, "शिकलेली पोर सांगते तर म्हन."

निमेश सर मात्र फोनवर उत्साहात होते. म्हणाले, "राज्यसंस्थेवरचा अविश्वास आणि नागरिकत्व! भाविका, हे आपल्या अहवालाचं हृदय आहे." माणूस वाईट नव्हता. पण हृदय म्हणताना त्यांना अहवालाचंच आठवलं, याचा मला संताप आला. मी अहवाल लिहिला. त्यात बायडीचं नाव "उत्तरदाती क्रमांक तीन" झालं. अहवाल छापला गेला, प्रमाणपत्र आलं, आईने ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं आणि इंटर्नशिप संपली. मी मात्र दर आठवड्याला कोळगावला फोन करत होते. उत्तर ठरलेलं असायचं, अजून काही आलेलं नाही.

होळी होऊन गेल्यावर एक दिवस आई बाजारातून आली ती पाटी उतरवायच्या आधीच बोलायला लागली. "बायडी आलती. तिच्याकडं मानसं येऊन गेली. दोन पोलीस आनि एक बाई. जिवल्या महादू तुमचाच ना, म्हनून विचारलं. ही हो बोलली. सगला पाडा हो बोलला. चा पाजला त्यांना. आता येल तो, म्हनत व्हती. मी तिला मोठे मोठे बोंबील निवडून दिले."

मला इतका आनंद झाला की मी अंगणातच सरांना फोन लावला. "सर, आपल्या अर्जाचा उपयोग झाला." सर म्हणाले, दिल्लीत चौकशी करतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. नेहमी भरभर बोलणारा माणूस शब्द शोधत होता.

"भाविका, ती चौकशी अर्जामुळे नव्हती. तो गेला. दिवाळीनंतरच्या थंडीत ताप आला, त्यातच. मृतदेह तिकडे शवागारात आहे. ताब्यात घ्यायचा तर आधी तो आपला नागरिक असल्याचं कळवावं लागतं. म्हणून तातडीने माणसं पाठवली."

"पण त्यांनी बायडीला सांगितलं नाही."

"त्यांनाही माहीत नसेल. त्यांच्याकडे फक्त प्रश्न आला असेल."

मी फोन ठेवला. समोर समुद्र होता. लहानपणापासून रोज पाहिलेला, आणि त्या दिवशी तो मला बघवत नव्हता.

सकाळी मी आणि आई पाड्यावर गेलो. अंगण नुकतंच सारवलं होतं. कुडाला नवी माती लावली होती. आईने निवडून दिलेले बोंबील आढ्याला टांगले होते आणि खाली कोंबडा त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहत होता. बायडी आम्हाला पाहून हसत पुढे आली. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. आईने तिला धरून ठेवलं होतं, पण ती पडली नाही, ओरडली नाही. महादूच्या हातातली टोपली तेवढी खाली गेली. पाड्यातली माणसं एकेक करून येऊन उभी राहिली.

मग बायडी बोलली. "मंग आता त्याला हितं आननार?"

"हो."

"मी हो बोलले, म्हनून?"

"हो."

"मेल्यावर बी हो लागतो?"

"लागतो," मी म्हणाले.

ती त्या ओल्या अंगणाकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात काय जुळतंय ते मला दिसत होतं. मी कागदावर रंगीत बाण काढून जे जुळवलं होतं, तेच ती कागदाशिवाय जुळवत होती.

"दिवालीच्या आदी त्यो खाकीवाला आलता," ती हळू म्हणाली. "तवा जिवल्या जिता व्हता का?"

 महादू उठला. सुनेच्या समोर येऊन उभा राहिला.

"नाय," तो म्हणाला. "तवाच गेलता तो."

मागून एक म्हातारी म्हणाली, "नाय गं, तवा नव्हता तो." तिला काय माहीत होतं? काहीच नाही. पण महादू नाय म्हणाला होता. तिच्या शेजारचा माणूस नाय म्हणाला. त्याची बायको म्हणाली. मग ते सगळे माझ्याकडे पाहू लागले, शिकलेल्या पोरीकडे, दिल्लीला फोन करणारीकडे.

"नाही," मी म्हणाले. "तेव्हा नव्हता."

बायडीने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. हा पाडा नाय कसा म्हणतो आणि का म्हणतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.