टाकीतल्या आसरा

"आत गेली! बघा, आत गेली!"

होडीतली पंधरा माणसं एकदम ओरडली. धरणाच्या पाण्यात मधोमध होडी बंद पडली होती, आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या लाल प्लास्टिक टाकीचे दोन्ही गाल आपोआप आत ओढले गेले होते. जवळ कुणी नाही, कुणाचा हात नाही, आणि टाकी आपली चेपत चाललेली. बायकांनी पदर तोंडाला लावले. एका म्हाताऱ्याने जागच्या जागी लोटांगण घालायचा प्रयत्न केला, तशी होडी कलली आणि सगळ्यांनी मिळून त्याला बसवलं.

आकाराम देवरशी मात्र ताठ उभा राहिला. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात मोरपिसांचा कुंचा.

"साती आसरा आल्यात! पाण्यातल्या सातीजणी टाकीला मिठी मारून बसल्यात. थोरली म्हणत्याय, निवद कमी पडला. मधली म्हणत्याय, कोंबडं बारीक होतं. धाकटी म्हणत्याय, पैलवाडीत एक काळ्या जिभंची बाई हाय, तिला आधी घालवा. व्हय ग आई, मला ठावं हाय. चारचौघांत नाव घिऊ नगंस."

मग त्याने टाकीवर कुंचा फिरवला, झाकणावर थापलेल्या शेंदराला डोकं टेकलं आणि झाकण सैल केलं. फुस्स!

"सोडली! आईनं मिठी सोडली!"

टाकीचे गाल पुन्हा फुगले. होडी चालवणाऱ्या सयाजीने दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि "चांगभलं"च्या गजरात होडी पुढे निघाली.

होडीच्या टोकाला बसलेल्या संयोगिताचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. ती काळ्या जिभेची बाई म्हणजे तिची आई, बाळाबाई.

पैलवाडी ही पाण्यापल्याडची चाळीस उंबऱ्यांची वाडी. डोंगराला वळसा घालून रस्ता आहे, पण तीन तासांचा. होडीने पंधरा मिनिटं. दूध, शाळा, दवाखाना, सगळं त्या होडीवर. खंडेनवमीला घरोघर कोयत्या-विळ्यांची पूजा होते, तशी यंदा इंजिनाचीही झाली. आकारामाने तेलात कालवलेला शेंदूर टाकीच्या झाकणावर बोटभर जाड थापला. दुसऱ्या दिवसापासून होडी मधोमध दम सोडू लागली. आधी जोर कमी, मग घुर्र, मग गप्प.

सयाजीने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. प्लग बदलला, पेट्रोल गाळलं, पंख्यात अडकलेलं गवत कापलं. गडहिंग्लजहून मिस्त्रीही आणला. पण काठावर इंजिन कसं खणखणीत चालायचं! मिस्त्री हात झाडून निघून गेला. काठावर चालतं आणि पाण्यात बंद पडतं, म्हणजे पाण्यातच काहीतरी आहे, असं वाडीने ठरवलं. त्या काहीतरीला नाव द्यायला आकाराम टपलेलाच होता.

आणि नाव बाळाबाईचंच का? त्याचं कारण ऐका. वाडीची पोटदुखी, दातदुखी मंतरून घालवणारा हा बहाद्दर. त्याची स्वतःची दाढ ठणकली, तेव्हा तोंडाला मफलर गुंडाळून गुपचूप गडहिंग्लजच्या डॉक्टरकडं गेला. नेमकी बाळाबाई तिथं बसलेली. वाडीत येऊन तिने नळावर हे खो खो हसत सांगितलं. तेवढ्या हसण्याची ही शिक्षा होती.

दोन महिने तिला होडीत घेतलं नव्हतं. दूध नासायला लागलं तशी तिने दोन्ही म्हशी विकल्या. नळावर ती आली की बायका घागरी उचलायच्या. संयोगिता कोल्हापुरात राजारामपुरीत दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरला मेकॅनिक. फोनवर आई "बरी हाय" एवढंच म्हणायची, म्हणून ती सुट्टी काढून बघायला आली. चुलीशी बसलेल्या आईने पहिला प्रश्न काय विचारावा?

"संयू, खरंच माझ्यात काय वंगाळ असंल का गं?"

संयोगिताच्या अंगाची लाही झाली. म्हशी गेल्या तर पुन्हा घेता येतील. पण आयुष्यभर कुणाच्या बापाला न भिणारी तिची आई स्वतःलाच भ्यायला लागली होती.

आज होडीत तिने ते फुस्स ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा. महिन्यातून एखादं गिऱ्हाईक येतंच, "मॅडम, गाडी चार किलोमीटर पळते आणि मरते. झाकण उघडलं की पुन्हा पळते." झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं असतं. सुईने मोकळं करायचं, दोन मिनिटांचं काम.

काठावर उतरल्यावर तिने सयाजीला बाजूला घेतलं.

"काका, ही होडी कधीच बंद पडत न्हाय असा एखादा दिवस हाय का?"

सयाजीने डोकं खाजवलं. "मंगळवार. आकाराम म्हाराज बाजाराला निघत्यात तवा. टाकी मांडीशी घिऊन बसत्यात, नखानं शेंदूर खरवडून कपाळाला लावत्यात. उतरताना नवा थापत्यात. का गं?"

"काय न्हाय," संयोगिता म्हणाली.

तोवर तिला वाटत होतं, माणूस अडाणी आहे. अडाण्याला समजावून सांगता येतं. पण याला सगळं माहीत होतं! भोक कुठं आहे हे माहीत असून तो ते पुन्हा पुन्हा बुजवत होता, आणि एका विधवेच्या घराची राख करत होता. आता तिला नुसता उलगडा नको होता. तिला सूड हवा होता, आणि तो सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत हवा होता.

रविवारी देवळापुढं बैठक बसली. आसरांचा हुकूम होता, बाळाबाईने अमावस्येच्या आत वाडी सोडावी. सरपंच मान खाली घालून बसला होता. आकारामाचं संपल्यावर संयोगिता उठली.

"मला कबूल हाय. पण एकदा खात्री करूया. आत्ताच्या आत्ता आईला घिऊन होडीत बसते. होडी बंद पडली आणि महाराजांच्या मंतरानं चालू झाली, तर आजच घराला कुलूप. मात्र मंतर तोंडानं म्हणायचा. टाकीला कुणाचा हात लागायचा न्हाय, माझा बी न्हाय."

आकाराम काहीतरी निमित्त काढणार होता. पण लोकांनी आधीच "चांगभलं!" ठोकलं होतं. आता माघार कशी घेणार?

"चला!" तो गरजला. "आणि सरपंच, मोबाईलवर व्हिडिओ काढा. जगाला दिसू दे!"

होडीत पाचजण बसले. सयाजी, सरपंच, आकाराम, मायलेकी. संयोगिताने तरंगायची जाकिटं वाटली. आकारामाने आपलं जाकीट काठावर भिरकावलं. "मला काय करायचंय हे? आसरा माझ्या पाठराखण्या हायत!" गर्दी खूश झाली. टाकी मात्र संयोगिताने स्वतःच्या आणि सरपंचाच्या पायांमध्ये ठेवली. वाडीची सगळी माणसं काठावर उभी होती.

आठ-नऊ मिनिटं होडी तरतर गेली. मग जोर कमी झाला. घुर्र. गप्प. टाकीचे गाल आत गेले. बाळाबाईने डोळे मिटून लेकीचा दंड घट्ट धरला.

"म्हणा, महाराज," संयोगिता म्हणाली.

आकारामाने कुंचा फिरवला, सातीजणींची नावं घेतली, घसा फाडून हाका मारल्या. सयाजीने दोरी ओढली. इंजिन खोकलंसुद्धा नाही. वारा वाढला होता, होडी आडवी फिरली. एक लाट थेट आकारामाच्या मांडीवर आली.

"सयाजी, वल्हं घे की!" तो म्हणाला.

"वल्हं कशाला?" संयोगिताने विचारलं. "पाठराखण्या हायत न्हवं? बोलवा त्यास्नी."

दुसरी लाट आली. आकाराम होडीच्या काठाला दोन्ही हातांनी चिकटला. त्याला पोहता येत नव्हतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"झाकण उघड, पोरी!"

"का? आसरा झाकणात बसत्यात व्हय?"

"उघड म्हणतो न्हवं!"

"आधी सांगा. का उघडू?"

तिसऱ्या लाटेने त्याचा भंडारा धुऊन नेला. आणि आकाराम देवरशी बोंबलला, "अगं हवा! हवा लागत्याय टाकीला! भोक बुजलंय ते!"

तो रांगत आला आणि दोन्ही हातांनी शेंदूर खरवडू लागला. मंतर नाही, कुंचा नाही, नुसती नखं. फुस्स! टाकी फुगली. सयाजीने दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. सरपंचाच्या हातातला मोबाईल सगळं टिपत होता.

"तुला कुठनं ठावं रं, तिथं भोक हाय त्ये?" बाळाबाईने डोळे उघडून विचारलं. आकाराम शेंदरी बोटांकडे बघत बसला.

काठावर लोकांनी व्हिडिओ तीनदा बघितला. मग संयोगिताने पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, तोंडाला घट्ट लावली आणि जोरात ओढली. बाटली चेपली.

"आल्या का आसरा? मी पाणी ओढलं, हवा आत जाईना, बाटली चेपली. इंजिन पेट्रोल ओढतंय, तेवढी हवा टाकीत जायला पायजे. त्यासाठी झाकणाला भोक असतंय. ते बुजलं की टाकी चेपती, पेट्रोल येईना, इंजिन मरतं. काठावर का चालायचं? पेट्रोल घालताना तुम्ही झाकण उघडायचा म्हणून. पुन्हा पेट्रोल तुटायला आठ-नऊ मिनिटं लागत्यात, तोवर होडी मधोमध जाती. एवढंच हाय. बाकी सगळा ह्याचा बाजार."

शेवटी एक म्हातारा खाकरला. "चुकलं पोरी सगळ्यांचं. झालं गेलं गंगेला मिळालं. आकारामानं पाया पडावं आणि मिटवावं."

"न्हाय मिटणार," संयोगिता म्हणाली. "करणीवाली म्हणून बाईला बदनाम करणं हा गुन्हा हाय, त्याला कायदा हाय. मी पोलीस ठाण्यात चाललेय. ह्याला आत बसवल्याबिगर कोल्हापूरला जाणार न्हाय. आणि तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी नळावरनं घागरी उचलल्या, त्यांच्याच सह्या साक्षीला पायजेत. लिहून द्यायचं, आम्ही ह्या बाईला वाळीत टाकलं, आणि ह्यानं सांगितलं म्हणून टाकलं."

बायकांनी माना खाली घातल्या. शेवटी एकजण पुढे आली, मग दुसरी. सयाजीने पेन मागून घेतलं. आकाराम "बाळाक्का, बाळाक्का" म्हणत हात जोडून पुढे सरकला. बाळाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ होडीत जाऊन सगळ्यांत पुढच्या फळीवर बसली.

"एक ध्यानात ठेवा," सह्यांचा कागद घडी करत संयोगिता म्हणाली. "मशीन बंद पडलं तर टाकी बघा, नळी बघा, पंखा बघा. न्हाय समजलं तर चार मिस्त्रींना विचारा. पण बाईकडं बोट दाखवणारा कुणी आला, तर आधी त्याची नखं बघा."

"संयू, बस झालं," होडीतून बाळाबाईने हाक मारली. "अंधार पडायच्या आत ठाण्यात पोचाय पायजे की!"