ऐंशीच्या पुढे

दादाच्या हातातला पाना पहिल्यांदा भट्टीच्या काचेवर बसला, दुसऱ्यांदा धाकटीच्या हातावर.

ती नुकतीच भट्टीतून लोखंडी चौकट बाहेर काढत होती. चौकटीत प्लास्टिकचा पांढरा पडदा चारही बाजूंनी चिमट्यांत ताणून बसवलेला, अंगभर डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं. चौकट खाली आदळली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कडकन वाजली, तशा दारातल्या दोघी कामगार बायका किंचाळत बाहेर पळाल्या. दादानं आतून कडी घातली.

“तिकडे माझ्या बायकोची कातडी सोलून निघालीय,” तो ओरडला, “आणि तू इथं निवांत भट्टी लावून बसलीस?”

दादा सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. वहिनी त्याच्याच हाताखाली, गरम रंगपाणी गाळायच्या यंत्रावर. काल सकाळी त्या यंत्राचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी तिच्या तोंडावर, छातीवर आलं. यंत्रातला गाळणीचा पडदा धाकटीच्या या छोट्या कारखान्यात बनलेला. मग काय, वड्याचं तेल वांग्यावर काढायला दादाला कधी मुहूर्त लागला होता? घरात सगळे म्हणायचे, तापट आहे पण मनाचा निर्मळ. निर्मळ कसला डोंबलाचा! लहानपणी त्यानं धाकटीला पट्ट्यानं फोडून काढलं, तेव्हा आईनं तिलाच दरडावलं होतं, कशाला त्याच्या तोंडी लागतेस म्हणून.

त्यानं खिशातून काहीतरी काढून टेबलावर फेकलं.

“हा बघ तुझा पडदा.”

धाकटीनं तो डाव्या हातानं उचलला. आक्रसून मुठीएवढा झालेला, कडेला काचेसारखा आरपार दिसणारा. भोकं वितळून पार बुजलेली.

साधा पडदा जास्त तापला की असाच आक्रसतो. भोकं मिटतात, पाण्याला वाट राहत नाही आणि मागून दाब चढत जातो. म्हणून तर ती या चौकटीच्या मागे हात धुऊन लागली होती. पडद्याला जरासुद्धा हलू न देता वितळायच्या अलीकडेपर्यंत तापवायचं आणि चिमट्यांतच गार होऊ द्यायचं. मग तो पुढं उकळत्या पाण्यातही अंग चोरत नाही. पण तो नवा पडदा अजून चाचणीवर होता. दादाच्या यंत्रात होता तो जुना, ऐंशी अंशांपर्यंतचा, आणि हे तिनं दादाला दहादा बजावलं होतं.

“दादा, हा नुसत्या उकळत्या पाण्यानं असा होत नाही. पाणी शंभराच्या बरंच पुढं गेलं होतं. जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडला असता तर...”

थप्पड अशी बसली की ती टेबलासकट कोलमडली. त्यानं तिचे केस मुठीत धरले, फरपटत भट्टीपाशी नेलं आणि तिचं तोंड फुटलेल्या काचेसमोर दाबलं. आतली धग गालाला लागली. केस जळल्याचा वास आला.

“म्हण. पडदा खराब होता.”

काल दवाखान्याच्या जिन्यात हाच माणूस तिच्या गळ्यात पडून रडला होता. व्हॉल्व्ह मीच तारेनं आवळला गं, पाणी जास्त तापून रंग लवकर चढावा म्हणून. आज तो ते वाक्य तिच्याकडून परत न्यायला आला होता.

“म्हण!”

गाल भाजत होता. आणि खरं सांगायचं तर मनातून ती आधीच ढिली पडली होती. याला तुरुंगात टाकलं तर वहिनीला कोण बघणार? कितीही झालं तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“होता,” ती म्हणाली. “पडदा खरा...”

टेबलाखाली तिचा मोबाईल वाजला. दादानं मोबाईलवर दवाखान्याचं नाव पाहिलं, केस सोडले आणि स्वतःच स्पीकर चालू केला.

“वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. तुमच्या वहिनी शुद्धीवर आल्यात. पोलीस जबाब घ्यायला आलेत. त्या म्हणतात, व्हॉल्व्ह त्यांनीच तारेनं बांधला. आणि सारखं एकच चाललंय त्यांचं, मिस्टरांना म्हणावं, रागावू नका. जवळचं कुणी येतंय का?”

“येतो,” दादा म्हणाला आणि फोन बंद केला.

मग त्याचे खांदे उतरले, चेहरा सैल झाला. त्यानं पाना अलगद जमिनीवर ठेवला, बाटलीतल्या पाण्यानं आपला रुमाल भिजवला आणि खाली बसून धाकटीच्या मोडलेल्या बोटांना गुंडाळला.

“फार लागलं का गं?”

“दादा, काल तू मला जिन्यात...”

“काल मी भानावर होतो का? काय वाट्टेल ते बरळलो असेन.” तो रुमालाची गाठ हळुवार मारत होता. “आता पडदा टाक यावर. तिनं कबूल केलंय ना? मी तिला एका शब्दानं बोलणार नाही. माफ केलं मी तिला.”

पान्याची वाटली नव्हती एवढी भीती धाकटीला त्या ओल्या रुमालाची वाटली.

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कपड्यांवरचा काचेचा चुरा झटकला आणि कडी काढली. बाहेरच्या बायकांना म्हणाला, “बाईंना हात दाखवायला घेऊन जा. लागलंय त्यांना.” आणि ताठ मानेनं निघून गेला.

धाकटीनं डाव्या हातानं दवाखान्याचा नंबर लावला.

“सिस्टर, तो जबाब खोटा आहे. मी येतेय, तोवर पोलिसांना थांबवून ठेवा. आणि माझा भाऊ निघालाय तिकडे. त्याला वहिनीच्या खोलीत जाऊ देऊ नका.”

“मी आजच या वॉर्डला आलेय हो,” सिस्टर म्हणाली. “त्यांना ओळखायचं कसं?”

“फार प्रेमानं बोलेल,” धाकटी म्हणाली.