अकराव्या मजल्यावरची किटली

गुणाजी बाथरूममध्ये पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्याच घरात त्याची बहीण शैला भाकऱ्या थापत होती. तिला काहीच कळलं नाही. लालबागच्या जुन्या चाळीत दोघांच्या खोल्या लागून होत्या. दादा खोकला तरी भिंतीपलीकडे ऐकू यायचं. चाळ पाडून टॉवर उभा राहिला. शैलाला बाराव्या मजल्यावर आणि दादाला नेमकं तिच्या खाली घर मिळालं, तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान आहात. पण टॉवरमध्ये दार लावलं की माणूस संपला. वहिनी गेल्यापासून तर खालून कसलाच आवाज येत नसे. त्या दिवशी दादा दुपारपर्यंत ओल्या फरशीवर पडून होता.

हाड मोडलं नाही, एवढंच बरं. पण शैलाच्या जिवाला घोर लागला. ती म्हणाली, "दादा, तू वर ये राहायला." तो नाही म्हणाला. तिचा मुलगा विकास म्हणाला, "मामा, घरात एक कॅमेरा लावूया." त्यावर गुणाजी असा भडकला की विचारू नका. "माका काय दुकानातलो माल समजलास?" सकाळी फोन करावा तर उचलायचा नाही. उलट दुसऱ्या दिवशी विचारायचा, "काय गो, मी मेलंय काय बघूक फोन केलेलास?"

शैला माझगावच्या गोदीत स्टोअर्समध्ये नोकरीला होती. निवृत्त झाल्यावर तिला सर्किटांचा नाद लागला. मोबाइलवर बघून बघून शिकली. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रिलेचे स्विच आणि छोटे सर्किट बोर्ड आणायची आणि जेवणाच्या टेबलावर तारांना डाग देत सोल्डरिंगचा धूर करत बसायची. गीझर बंद करायला विसरलं तर आपोआप बंद करणारं सर्किट तिने बनवलं होतं. फ्रिजची वीज गेली तर टीं टीं करणारंही बनवलं होतं. विकास चिडवायचा, "आई, एक दिवस अख्ख्या बिल्डिंगचा फ्यूज उडवशील."

ती विचार करत राहिली. दादा काहीही झालं तरी उठल्या उठल्या चहा करतो. तो पडल्यावर विकासने त्याला इलेक्ट्रिक किटली आणून दिली होती, ती तो वापरत होता. किटली चालू झाली की वायरीतून भरपूर करंट जातो. त्या वायरीभोवती एक छोटी कॉइल बसवली, तर करंट आला की कॉइलला कळेल. मग वायफायवरून वर निरोप, आणि तिच्या ओट्याजवळ एक पिवळा दिवा लागेल. कॅमेरा नाही, फोन नाही.

पहिल्यांदा जमलंच नाही. घरच्याच किटलीवर करून बघितलं, पाणी उकळून सांडायला आलं तरी दिवा ढिम्म. मग तिच्या लक्षात आलं, तिने दोन्ही वायरी एकत्रच कॉइलमधून ओवल्या होत्या. जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात. एकच वायर वेगळी करून ओवली, आणि दिवा असा लागला की ती एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवू लागली.

सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डाच्या डब्यात नीट बंद करून ती खाली गेली. "तुझा जुना बोर्ड ढिला झालाय दादा, हा वापर," म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. पण खरंही पुरतं नव्हतं, आणि ते तिला टोचत राहिलं.

त्यानंतर रोज सकाळी पिवळा दिवा लागायचा. दिवा लागला की शैला आपला चहा ठेवायची. घोर उतरला. आणि घोर उतरला म्हणूनच एकदा ती बोलून गेली, "आज चहाला उशीर झाला तुझ्या."

गुणाजीने नुसतं तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या सकाळी दिवा लागला नाही. शैलाने वाट बघितली. ओटा पुसला, परत पुसला. मग गाऊनवरच दादाच्या घराची चावी घेऊन जिना उतरली. दार उघडते तर गुणाजी खुर्चीत बसून चहा पीत होता. किटली भिंतीतल्या दुसऱ्याच प्लगला लावलेली.

"बघी होतंय, कोण येता," तो म्हणाला.

 शैला तशीच पलंगावर टेकली. "सांगितलं असतं तर लावू दिलं असतंस?"

"नाय." त्याने कप खाली ठेवला. मग त्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "हो बोर्ड लागलो की वर काय होता?"

"एक दिवा लागतो. पिवळा."

"आणि मगे तू काय करतंस?"

"काही नाही रे. माझा चहा ठेवते."

"रोज?"

"रोज."

 गुणाजीने उठून तिच्यासाठी अर्धा कप चहा ओतला. ती जायला निघाली तेव्हा दाराशी येऊन म्हणाला, "माझ्याकडे पण एक लाव. तुझो चाय झालो की माका कळूक होयो."

मग तिने आपल्या किटलीसाठी दुसरा बोर्ड बनवला. गुणाजीच्या टीव्हीशेजारी हिरवा दिवा. विकास हसला, पण खालच्या भिंतीत खिळा त्यानेच ठोकून दिला.

काही महिन्यांनी एका सकाळी शैला चहा पिऊन फुलं निवडत बसली होती, तेवढ्यात दारावर थापा. बेल नाही, थापा. उघडते तर दादा. अंगात बनियन, केस विस्कटलेले, एक हात भिंतीला. लिफ्टची वाट न बघता तो जिना चढून आला होता.

"दादा! काय झालं?"

"तुका काय झाला? दिवो नाय लागलो!"

"अरे, मी चहा केव्हाच प्यायले!"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, खात्री करून घेत असल्यासारखा.  आपण त्या दिवशी खाली धावलो तेव्हा अशाच दिसत असणार, शैलाच्या मनात आलं. तिने त्याला आत आणून बसवलं, पाणी दिलं. मग आपल्या बोर्डाचा डबा उघडून बघितला. एका टोकाचं सोल्डरिंग सुटलं होतं. "माझीच चूक," म्हणत ती सोल्डरिंग गन आणायला उठली, तर गुणाजीने तिचं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे ता. बस हंय."

ती बसली.  पडल्यापासून एकदाही वर न आलेला दादा त्या दिवशी तिच्याकडे जेवला, दुपारी सोफ्यावर आडवाही झाला. संध्याकाळी खाली जाताना लिफ्टचं दार हाताने अडवून म्हणाला, "आता घट्ट चिकटव गो ता. जीव गेलो माझो."