सासरा नावाचा दगड

“लिही,” दाजी म्हणाले, “की हे काम मला जमणार नाही.”

मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे घरातले सगळे अर्ज, पत्रं आणि तक्रारी माझ्याच गळ्यात पडतात. आजचं पत्र दाजींच्या जुन्या कंपनीला जायचं होतं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी नोकरी सोडली, पण कंपनीने काही त्यांना सोडलं नव्हतं. नव्या कारागिरांना शिकवायला या, असं साहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. मोटारीचा आवाज ऐकून आणि तारेच्या दोरावर बोट फिरवून बिघाड ओळखणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. तुमचे हात आणि कान पुरेत, डोळे आमचे घ्या, असं ते म्हणाले होते. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं, आणि आज रविवार होता.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

“खरं ते लिही. माझ्याच अंदाजावर माझा भरवसा उरलेला नाही.” मग जरा थांबून ते हळू आवाजात म्हणाले, “सासरा मागे पडला तरी ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवू नये. हे लिहू नकोस. हे तुला सांगतोय.”

माझं पेन तिथेच अडलं. हा सासरा म्हणजे माणूस नव्हे, दगड. त्याच्याबद्दल सांगायचं तर आमच्या वेडेपणापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या गावामागे डोंगराच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यावरून सायकलने उतरायच्या वाटा आहेत. वाट म्हणजे डांबरी रस्ता समजू नका. दगड, झाडांची मुळं, भुसभुशीत माती आणि मधूनच माणूसभर उंचीची उडी. सगळ्यात अवघड वाटेच्या तोंडाशी काळी पाटी आहे, ज्याला येतं त्यानेच उतरावं अशी. तिला आम्ही शिडी म्हणतो. दाजी वीस वर्षं दर रविवारी शिडी उतरत आले, आणि त्यांच्यामागून मी. त्यांचं उतरणं म्हणजे पाण्यासारखं. माझं म्हणजे जिन्यावरून पेटी घरंगळावी तसं. माझे वडील म्हणायचे, जावई आठवडाभर लोकांना वर पोचवतो आणि रविवारी स्वतः खाली पडायला जातो, वर आमच्या पोरालाही नेतो.

शिडीच्या मध्यावर, अरुंद कडेला, तो दगड अर्धा जमिनीत रुतलेला होता. त्याच्यावरून चाक आदळून उतरलं की लगेच डावीकडे वळायचं. उजवीकडे घळ. भल्याभल्यांना तिथे अंग आखडून, मान खाली घालून जावं लागायचं, म्हणून दाजींनी त्याचं नाव सासरा ठेवलं. हे वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा आठवडाभर ते जावयाशी बोलले नाहीत. मग एके दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, निदान मोठा तरी आहे ना तो?

दोन वर्षांपूर्वी दाजींना काचबिंदू निघाला. उशिरा निघाला. समोरचं दिसायचं, पण कडेचं जात चाललं होतं, नळीतून पाहावं तसं. ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. ताईला एवढंच ठाऊक होतं की चष्म्याचा नंबर वाढलाय आणि थेंब घालायचे आहेत. डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली तेव्हा ते मला म्हणाले की एकदा शेवटची शिडी उतरतो, मग सायकल तू ने आणि ताईला मीच सगळं सांगतो. मी नको म्हणालो, भांडलो, ताईला सांगेन अशी धमकीही दिली. ते नुसते हसले. शिडी त्यांना पाठ होती आणि मी चुगली करणार नाही हेही त्यांना पाठ होतं.

आता माझा स्वभाव सांगतो. मला स्वस्थ बसवत नाही. कुणाचं घड्याळ मागे पडलं, कुणाचा नळ गळतोय, कुणाच्या लग्नाचं अडलंय, माझं नाक तिथे खुपसलेलं असायचंच. शाळेच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे, तिथेही बाई ओरडतात की लावलेली मांडणी हलवू नका. तर या शेवटच्या खेपेची तारीख ठरली आणि माझा जीव टांगणीला लागला. डोळ्यांपुढे दुसरं काही येईना, तो सासरा आणि ती घळ. कडेचं न दिसणारा माणूस तिथून कसा जाणार? वाटांची डागडुजी आमचीच मंडळी करतात, त्यामुळे पहार आणि फावडं माझ्या घरीच होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी, शाळेच्या आधी, मी एकटा वर गेलो. दोन्ही दिवस खपून तो दगड उकरला आणि घळीत लोटून दिला. खड्ड्यात माती भरली, पायांनी चेपली, वर पालापाचोळा पसरला. हाताला फोड आले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. एवढं मोठं काम केलं आणि कुणापाशी ब्र काढला नाही, याचाच मला अभिमान वाटत होता.

रविवारी सकाळी दाजी पुढे आणि मी मागे. वरचा अर्धा भाग ते असे उतरले की त्यांना कमी दिसतं हे मीच विसरून गेलो. सासऱ्याची जागा आली. तिथे आता साधी सपाट माती होती, लहान मुलानेही सायकल चालवावी अशी. दाजींनी अंग मागे घेतलं, गुडघे सैल सोडले, आणि ते वळलेच नाहीत. सरळ गेले. माझ्या डोळ्यांदेखत घळीत गेले.

मी कसा खाली उतरलो ते आठवत नाही. ते पाठीवर पडले होते आणि एक पाय भलत्याच दिशेला होता. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर होते. दुखतंय असंही म्हणाले नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, “ठोका बसला नाही रे. सासरा कुठे गेला?”

तेव्हा मला कळलं. वर्षभर ते डोळ्यांनी उतरतच नव्हते. हातांनी आणि कानांनी उतरत होते. तो ठोका बसला की डावीकडे वळायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तो ठोका मी उकरून फेकून दिला होता.

तिथे खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “तो मागेच राहिला, दाजी. तुम्ही ओलांडून आलात.”

“ओलांडून आलो? आणि मला कळलं नाही?”

“नाही कळलं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. माणसं मदतीला येईपर्यंत ते उघडले नाहीत.

मांडीचं हाड तीन महिन्यांत जुळलं. त्याच सुमारास त्यांनी ताईला डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि नोकरी सोडली. पण ते पडले त्यापेक्षा मी जे बोललो त्याने त्यांचं जास्त मोडलं. शिडीवर जाणारे आम्ही पाच-सहा जण. पावसाने दगड सुटला असेल असं बाकीच्यांनी परस्पर धरलं, आणि दाजींसमोर त्या वाटेचा विषय काढायचा नाही असं मीच सगळ्यांना बजावून ठेवलं. काळजीच्या नावाखाली. ज्या घरात ते चोवीस वर्षं राहिले, त्या घरात ते आता भिंत धरून चालायचे. अजून मधलं थोडं दिसत होतं तरी न्हाणीघराच्या दाराशी थांबून पाऊल टाकू का म्हणून विचारायचे. घड्याळाचा ठोका मोजून पुन्हा ताईला विचारायचे, चारच ना? लिफ्टच्या काळ्या विहिरीत एकतीस वर्षं नुसत्या हाताने काम केलेला माणूस सदऱ्याची बटणं नीट लागलीत का हे बायकोकडून तपासून घ्यायचा.

ताई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर तिच्यापुढे आजारी माणसांची रांग असते, ती सहसा रडत नाही. गेल्या आठवड्यात मात्र माझ्या घरी येऊन ती ओट्याशी उभी राहून रडली. म्हणाली, “ह्यांचे डोळे गेले ते मी सोसलं. माणूस कुठे गेला ते सांग. तो कुठे शोधू मी?”

मी तिला पाणी दिलं. दुसरं काही दिलं नाही.

तर आता तो कागद माझ्यापुढे होता. वर तारीख, खाली महोदय, आणि पुढे माझ्याच सुरेख अक्षरात मला माझी थाप लिहायची होती. ताई रविवारच्या पाळीला गेली होती. दाजी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. लिहिलंस का, म्हणून त्यांनी विचारलं.

“दाजी,” मी म्हणालो, “सासरा तिथे नव्हताच.”

त्यांना काही उमगलं नाही. मी पुन्हा सांगितलं. गुरुवार, शुक्रवार, पहार, घळ, पालापाचोळा, सगळं. सांगताना माझा आवाज फाटला आणि मी लहान पोरासारखा रडलो, त्याची मला लाज नाही. मी तुमचा पाय मोडला त्याचंही एक वेळ सोडा. तुम्ही चुकला नव्हतात हे आठ महिने मी दाबून ठेवलं, असं मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एकट्याने काढलास?”

“हो.”

“तो काही लहान नव्हता.”

“नव्हता.”

मग त्यांचे मांडीवरचे दोन्ही हात उचलले गेले आणि पुढे हवेत थोडे वाकून थांबले. मूठ धरल्यासारखे. मला वाटलं त्यांना काही होतंय. ते बोलू लागले, आधी पुटपुटत आणि मग स्पष्ट.

“ठोका. डावीकडे. मग सैल माती, ब्रेकला हात नाही लावायचा. बरोबर?”

“बरोबर.”

“वाकडं झाड उजव्या खांद्याला घासतं. तिथून दोन वळणं. पुढे मुळं, पाच.”

“चार,” मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

“पाच. पाचवं मातीखाली आहे. तुला माहीत नाही, कारण तू तिथे उतरून चालतोस.”

हे खरं होतं. वीस वर्षं मी तिथे उतरून चालत होतो आणि पुढे गेलेल्या त्यांना ते ठाऊक होतं. ते उतरत राहिले. मोठी उडी, तिच्याखालचा ओला कातळ, कातळाच्या पलीकडे जिथे वाट फसवते ती जागा, सगळं एकेक करत, मुळीच घाई न करता. वळण आलं की खांदा कलायचा, उतार आला की पाठ मागे जायची. शेवटच्या सपाटीवर ते आले तेव्हा त्यांचा श्वास चढला होता. त्यांनी हात खाली घेतले.

“चुकलं कुठे?”

“कुठेच नाही, दाजी.”

त्यांनी मान हलवली. मग ते रडले. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. चोवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी रुमाल काढला आणि हातातच ठेवला.

“हे पत्र फाड,” ते शेवटी म्हणाले. “सोमवारी मी स्वतः जाऊन सांगेन, येतो म्हणून. ताईला तू सांग, आजच सांग, मी घरात नसताना. मला पुन्हा एकदा ते ऐकवणार नाही.”

ते उठले. भिंत त्यांच्या डाव्या हाताला होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मी खुर्ची सरकवून उठायला लागलो, तसे ते माझ्याकडे पाठ असूनच म्हणाले, “बस तू. माझ्यामागून येऊ नकोस.”

“खाली पायरी—”

“येऊ नकोस म्हटलं ना.”

रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर मी गेलो असतो मागून, मनधरणी करत. ज्या आवाजात ते बाहेरच्या माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले. चोवीस वर्षांत तो आवाज त्यांनी माझ्यासाठी कधी काढला नव्हता. मी खाली बसलो.

दिवाणखान्यात ते स्टुलाला धडकले, स्टुलाला एक सणसणीत शिवी दिली आणि पुढे गेले. मग जिना. पावलं आधी जपून पडत होती, मधल्या वळणानंतर नेहमीसारखी. मी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. खाली फाटकाची कडी वाजली आणि पावलं रस्त्याला लागली. फाटक त्यांनी उघडंच टाकलं होतं, वाऱ्याने ते खांबावर आपटत होतं. मी तो आवाज ऐकत बसलो. ते लावायला मी खाली गेलो नाही.