बोटभर पुढे

मंगळवारी बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. डाव्या बाजूचं हाड काढावं लागेल, चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओत लोकांचे चेहरे टिपले, पण स्वतःचा एक धड फोटो नाही. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, सोमवारपर्यंत माझा एक फोटो काढ. आपल्याच लेन्सने. पूर्ण उघडी ठेवून."

मी "हो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. गेल्या तीन आठवड्यांत माझा एकही फोटो नीट आला नव्हता, आणि हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचा कॅमेरा रेंजफाइंडर. तो स्वतः फोकस करत नाही. त्याच्या काचेत मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाची दुसरी, जराशी सरकलेली प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवत दोन डोळ्यांचा एक डोळा करायचा आणि बटण दाबायचं. लेन्स पूर्ण उघडली की जेमतेम बोटभर जाडीचं जग स्पष्ट येतं, बाकी सगळं विरघळतं. हा उद्योग मला बाबांनी शिकवला. बावीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले, तेव्हा फोन घ्यायला म्हणून स्टुडिओत बसायचे. आठवड्याभरात त्यांनी माझ्या हातात कॅमेरा दिला, आणि मी पहिल्याच दिवशी आत रोल असताना मागचं झाकण उघडलं. एका कुटुंबाचे सगळे फोटो उजेडात गेले. बाबा म्हणाले, "काही झालं नाही," आणि त्या मंडळींना परत बोलावून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच जातीचा डिजिटल कॅमेरा आला. जुनी लेन्स त्यालाही बसते. पण फिल्म आपल्या चुका पोटात घालायची, डिजिटल त्या चव्हाट्यावर मांडतं. पडद्यावर फोटो मोठा केला की लपायला जागा नाही. तरी माझं बरं चाललं होतं. मग अचानक सगळ्यांचे कान स्पष्ट आणि डोळे मऊ यायला लागले. एक बाई फोटो बघून म्हणाली, "कानातल्यांचा छान आलाय." एकोणपन्नासावं लागलेलं, चष्मा नुकताच बदललेला. माझे डोळे गेले, आता हे काम संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते.

शनिवारी शेवटचा उपाय म्हणून घड्याळवाल्याकडे गेले. हा कॅमेरे दुरुस्त करतो, पण आधी घड्याळं करायचा म्हणून नाव तेच राहिलंय. तीन आठवड्यांपूर्वी लेन्सची कडी जड फिरत होती, तेव्हा ती साफ करायला मी त्याच्याकडेच दिली होती. म्हणजे भांडायला जागा होती, आणि भांडण मला आवडतं.

"तुम्ही लेन्स बिघडवलीत," मी म्हणाले.

त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, टेबलावर एक पट्टी तिरकी ठेवली, वीसच्या आकड्यावर फोकस केला आणि फोटो काढून मला दाखवला. वीस लख्ख. एकोणीस आणि एकवीस सारखेच मऊ.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. पुढची म्हण, अंगण वाकडं असल्याची, त्याने सभ्यपणाने गिळली. मग स्टुलावर स्वतः बसला. "काढा माझा."

काढला. कान.

"परत काढा."

पुन्हा कान. तिसऱ्या वेळी त्याने हात लांब करून माझ्या कपाळापुढे आपलं बोट धरलं. मी त्याचा डोळा जुळवला, श्वास सोडला, आणि माझं कपाळ त्याच्या बोटावर आपटलं.

"बाई, दाबायच्या आधी तुम्ही पुढे का येता?"

"कुठे येते?"

"आत्ता आलात. ही लेन्स माझ्याकडे आली तेव्हा नाक धरत होती. डोळा जुळवला की प्रत्यक्षात त्याच्या बोटभर पुढचं स्पष्ट. कधीतरी पडलेली असणार, आत जुना मार आहे. साफ करताना मी ते सरळ केलं. त्यात काय सांगायचं, म्हणून बोललो नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुळव, श्वास सोड, बोटभर पुढे हो, दाब. बाबांनी मला हे असंच शिकवलं होतं. मला वाटायचं, सगळं जग असाच फोटो काढतं. लेन्सचा दोष बाबा मानेने भरून काढत होते, तोच मी बावीस वर्षं भरून काढला, आणि आता दोष गेला तरी मान जायची थांबेना. माझे डोळे शाबूत होते. मी तिथेच रडले. समोर होतं ते फडकं घेतलं, तर घड्याळवाला म्हणाला, "ते लेन्सचं आहे, हे घ्या." देव त्याचं भलं करो.

रविवारचा अख्खा दिवस मी भिंतीला पाठ टेकवून एका बरणीचे फोटो काढले. कोपरं बरगड्यांशी, पाठ भिंतीला. संध्याकाळपर्यंत बरणीवरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं. बाबांना मात्र बोलले नाही. तुमची लेन्स इतकी वर्षं अधू होती, हे ऑपरेशन दोन दिवसांवर असताना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी सकाळी अकराला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळ बसले. सासूबाई पांढरी चादर धरून दुसऱ्या बाजूला उभ्या, म्हणजे डाव्या गालावर थोडा उजेड परतेल. मी कपाटाला पाठ टेकवली. बाबांचा डोळा चौकोनात, अगदी मध्यावर घेतला, दोनाचा एक केला आणि दाबलं.

"झुकली नाहीस," बाबा म्हणाले.

मी कॅमेरा खाली घेतला.

"लेन्स सरळ करून घेतलीस?"

मग सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते गालावर हात ठेवून जपून हसले. "बरं केलंस. मला जमलं नाही."

"का?"

त्यांनी चादरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या लग्नाला महिना झाला होता. मला मदत म्हणून तुझी सासू लेन्स पुसायला गेली आणि हातातून सुटली. रडायलाच लागली. काही झालं नाही, म्हटलं मी. मग दुरुस्तीला कशी देणार? हिला कळलं असतं. त्यापेक्षा बोटभर झुकणं सोपं."

चादर खाली आली. सासूबाईंचे कान अजून तिखट आहेत.

"अहो! म्हणजे मोडली होती?"

"मोडली कुठे? जरा..."

"पंचेचाळीस वर्षं!"

"काही झालं नाही, म्हटलं ना," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सासूबाईंकडे मान वळवली.

चादरीचा उजेड गेला होता, डावा जबडा सावलीत होता. मी कडी फिरवली, डोळा जुळवला, पाठ कपाटाला लावून ठेवली आणि दाबलं.

पडद्यावर फोटो मोठा केला. पापण्यांचे केस मोजता येत होते. डोळ्याच्या कडेला पाणी होतं, आणि तेही स्पष्ट होतं. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि कॅमेरा सासूबाईंकडे दिला. मी पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "आता बास झालं झुकणं."

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर बोलायचं नाही, म्हणून त्यांच्या पलंगाजवळ वही ठेवलीय. फोटो समोरच्या भिंतीवर आहे. या माणसाने मला काम दिलं आणि माझी एकही चूक मला परत दाखवली नाही. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

काल दुपारी सासूबाई त्यांना भरवत होत्या. चमचा मध्येच थांबवून म्हणाल्या, "खरं सांगा. आणखी काय काय मोडलं होतं माझ्या हातून?"

बाबांनी वही ओढली. बराच वेळ लिहीत होते, म्हणून मीही पुढे होऊन पाहिलं. पानभर छोट्या, ठळक अक्षरांत एकाखाली एक, पुन्हा पुन्हा तेच वाक्य होतं.

काही झालं नाही.