आठव्या डावाची चकती

मी चकती आहे. पांढऱ्या नायलॉनची, पापडाच्या लाटीएवढी. आजवर मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला काही सांगितलं नाही. पण एका शनिवारी माझ्याकडून जे करून घेतलं गेलं, त्याची किळस अजून जात नाही. म्हणून बोलते.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लेथवर सीतारामकाका होते. बावीस वर्षं त्याच मशीनसमोर उभं राहून त्यांचा डावा खांदा जरा उतरलेला. मालक कमलेश आला आणि म्हणाला, "काका, एक गोल चकती काढून द्या ना. एकदम गुळगुळीत. खेळायला पाहिजे."

कशाला, काय, काकांनी विचारलं नाही. उरलेल्या रॉडचा तुकडा घेतला, मला कातून काढलं, बोटांतून सटकू नये म्हणून कडेला बारीक खाचा पाडल्या. वर लाल रंगात लिहिलं, 'पहिला'. मग कुठे बोचत नाही ना, म्हणून कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. तेवढ्या मायेने मला पुन्हा कुणी हातात धरलं नाही.

कमलेश दिसायला वाईट माणूस नाही. हसतमुख, सगळ्यांना 'घरचे' म्हणणारा. त्याची आजी आवडाबाई मिठागरात पाय चिरेपर्यंत राबलेली. पुढे घरच्या जमिनीला भाव आला, त्यातून नातवाचा हा कारखाना झाला आणि खडवलीला फार्महाऊस. गोव्याला जाऊन जाऊन कमलेश ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाची टूर्नामेंट शिकून आलेला.

त्याच सुमाराला कारखाना मुरबाडला हलवायचं ठरलं. जुन्या चार माणसांपैकी तिथे तिघंच लागणार होती. चौघं म्हणजे सीतारामकाका, माल तपासणारी वैशाली, पॅकिंग बघणारा महेंद्र आणि कॉम्प्युटरवरचं मशीन चालवणारा विनीत. विनीत हा कमलेशचा सख्खा मेहुणा.

कमलेशने चौघांना केबिनमध्ये बोलावलं. मी त्याच्या टेबलावरच होते.

"कुणाला जा म्हणायचं, हे मला जमत नाही यार," तो म्हणाला. "सगळे घरचेच. आपण शनिवारी खडवलीला जाऊ, मस्त मटण खाऊ, आठ डाव खेळू. आठव्याला ज्याच्याकडे सगळ्यात कमी टोकन, तो बाद. म्हणजे ना मी वाईट, ना तुम्ही. नशीब!"

मला वाटलं, आता कुणीतरी खुर्ची मागे सारून उठेल. कुणीच उठलं नाही. महेंद्र तर हसला. "चालेल शेठ." चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बघत होता, बाजारात भाजी चाचपावी तसं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाला शंभर टोकन. डाव सुरू होण्याआधी लावायचे तेवढे पुढे ठेवायचे. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे जाऊ द्यायची नाही. वाटणाऱ्यापेक्षा बेरीज चांगली आली की लावले तेवढे आणखी मिळतात, नाहीतर लावलेले जातात. आणि माझं काम इतकंच: मी ज्याच्यासमोर, त्याने टोकन पहिल्यांदा लावायचे. मग ओळीने पुढचे. दर डावाला मी एक जागा पुढे सरकायचं.

एवढंसं काम. पण वैशालीने ते बरोबर ओळखलं. वर्तकनगरहून बसने येताना ती फोनवर या खेळाबद्दलच वाचत असायची. जेवणाच्या सुट्टीत तिने काकांना डब्याच्या झाकणावर खडूने चार टिंबं काढून दाखवली.

"काका, पत्ते आपल्या हातात नाहीत. पण कोण कधी लावणार, ते आधीच ठरलेलं असतं. आपण बसणार असे: मी, महेंद्र, तुम्ही, विनीत. चकती माझ्यापासून सुरू. म्हणजे आठव्या डावाला ती विनीतसमोर येणार. तो पहिला लावणार आणि तुम्ही सगळ्यात शेवटी."

"मग?"

"मग काय! शेवटच्याला सगळ्यांचं दिसतं. तो किती लावतो ते बघायचं आणि त्याला झाकेल एवढं लावायचं. दोघं जिंकलात तरी तुम्ही वर, दोघं हरलात तरी तुम्ही वर."

"आणि सातव्याला?"

"सातव्याला घाई नाही करायची. जो आठव्याला आधी लावणार असतो, त्याने सातव्यालाच उडी मारायची असते. तुम्हाला गरज नाही. जपून राहा."

काका तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. "तू शाळेत पुढे जायला पाहिजे होतंस गं," म्हणाले. मलाही ती पोर तेव्हा आवडली होती.

शनिवारी दुपारी खडवलीला पंगत उठली आणि टेबल मांडलं. पत्ते कमलेशच वाटत होता. व्हरांड्यात आवडाबाई वाल सोलत बसलेली.

सहा डाव झाले. वैशाली आणि महेंद्र बरेच वर गेले. काकांकडे पंच्याण्णव उरले, विनीतकडे पंच्याऐंशी. विनीतला घाम फुटलेला. तो सारखा आपल्या भावजींकडे, कमलेशकडे बघत होता.

सातव्या डावाला मी काकांसमोर होते. पत्ते चांगले पडताहेत असं त्यांना वाटत असावं. त्यांनी चाळीस टोकन उचलले. वैशालीने हळूच मान हलवली: नको. काकांनी चाळीस खाली ठेवले आणि पाचच लावले. डाव ते जिंकले. शंभर झाले. विनीत दहा हरला. पंच्याहत्तर.

आता आठवा. नेमाप्रमाणे महेंद्रने मला उचलून विनीतसमोर ठेवलं. कमलेश म्हणाला, "थांबा, थांबा, चहा घेऊ आधी."

काका हात धुवायला बाहेर गेले. महेंद्र फोनवर बोलत खिडकीशी गेला. कमलेशने ट्रे ठेवण्यासाठी वाकल्यासारखं केलं आणि बोटाने मला सरकवलं. विनीतसमोरून वैशालीसमोर. एक वीतभर. बोटाला मटणाचं तेल होतं, ते माझ्या अंगावर ओघळलं. त्या क्षणापासून विनीत पहिला उरला नाही, शेवटचा झाला.

वैशाली समोरच बसलेली. तिने पाहिलं. तिचं तोंड उघडलं. कमलेश तिच्याकडे बघून हसला आणि बशी पुढे केली. "वैशाली, बिस्कीट घे ना."

तिने बिस्कीट घेतलं.

ती तेव्हा एकशे सत्तरवर होती. तिला काही धोका नव्हता. ज्याचं ताट भरलेलं, त्याची जीभ जड होते. मला ओरडावंसं वाटत होतं. पण आमच्या जातीला आवाज दिलेला नाही. आवाज जिला दिलाय, ती बिस्कीट चावत होती.

डाव सुरू झाला. वैशालीने पाच लावले. महेंद्रने मला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि पाच लावले. काकांनी वीसचं टोकन हातात घेतलं आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे. बराच वेळ पाहिलं. ती कपातल्या सायीकडे बघत होती.

"काका, लावा ना," कमलेश म्हणाला.

काकांनी वीस लावले. विनीतने ते पाहिले, ओठ हलवत हिशेब केला आणि पन्नास लावले.

वाटणाऱ्याची बेरीज एकवीसच्या पुढे गेली. म्हणजे सगळेच जिंकले! काकाही जिंकले. त्यांचे झाले एकशेवीस, विनीतचे एकशेपंचवीस. जिंकलेला माणूस बाद झाला.

आणि मग टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. कमलेशने आतून शाल आणली, नारळ आणला. "काका, काय खेळलात! पाच टोकनांनी फक्त!" शाल पांघरताना तो फोटोसाठी नीट उभा राहिला. विनीतने काकांच्या पाया पडून घेतलं. महेंद्र टाळ्या वाजवतच होता. मला तिथल्या प्रत्येक हाताची शिसारी आली.

व्हरांड्यातून आवडाबाई आत आली. वालाची टरफलं पदराला चिकटलेली.

"कमल्या," ती म्हणाली, "मानूस काढाचा व्हता तं त्याचे तोंडावर सांगाचा. पत्त्यांचे मागं लपतंस कशाला? आमी मिठात राबलो, पन असा खारटपना नाय केला."

"आजी, तू बस बाहेर. गेम होता तो."

म्हातारी काकांसमोर हात जोडून उभी राहिली आणि निघून गेली. त्या घरात हात जोडायला एवढ्या एकटीलाच सुचलं.

गडबडीत वैशालीने मला उचलून पर्समध्ये टाकलं. दीड महिना मी तिथेच पडून होते. रोज ती मला बाहेर काढायची, बघायची, परत टाकायची. एकदा कमलेशच्या केबिनपर्यंत गेली आणि दारातून परत फिरली. मुरबाडला तिला पगारवाढ मिळाली, त्याचं पत्रही माझ्या शेजारीच आलं.

शेवटी एका रविवारी ती कल्याण पूर्वेला काकांच्या घरी आली. काका आता डोंबिवलीतल्या एका कारखान्यात माल मोजायला जातात. मशीनला हात लावू देत नाहीत, वय झालं म्हणतात. काकांच्या बायकोने, शालनबाईंनी पाणी दिलं. वैशालीने मला टिपॉयवर ठेवलं.

"काका, ही विनीतसमोर होती. शेठनी सरकवली. मी पाहिलेलं."

"माहितीय."

"तुम्हीपण पाहिलेलं?"

"सरकवताना नाही. हात धुवून आलो तेव्हा तुझं तोंड पाहिलं. तेवढ्यावर कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर हरणाऱ्याचं रडगाणं झालं असतं. तुझ्या बोलण्याला वजन होतं." काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मी वाट बघत होतो गं. वीसचं टोकन हातात घेऊन तेवढीच वाट बघत होतो."

वैशाली रडायला लागली. काकांनी तिला रडू नको म्हटलं नाही.

"तू शिकवलंस ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. "फक्त एक राहिलं. कोण आधी लावणार, कोण शेवटी, ते मागाहून. चकती कुणाच्या हातात आहे, ते पहिलं बघायचं असतं."

ती गेली. मला मात्र तिथेच ठेवून गेली. शालनबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हे काय?"

"काही नाही. मीच केलेली."

त्यांच्या कपाटाचा एक पाय लंगडा होता. दार उघडलं की सगळं कपाट झुलायचं. शालनबाईंनी काकांना कपाट तिरकं धरायला लावलं आणि मला त्या पायाखाली सरकवलं.

आता मी इथे असते. अंधार आहे, वर घरभराच्या कपड्यांचं ओझं आहे, पण माझ्यामुळे कुणी आधी नाही, कुणी शेवटी नाही. दार उघडतं, कपाट हलत नाही. एवढं काम मला पुरे आहे.

तुमच्यावर कधी कुणाला घरी पाठवायची वेळ आली, तर त्याच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा. त्याला काय वाटेल ते ऐकून घ्या. आणि शेजारचा माणूस फसताना दिसला, तर हातातलं बिस्कीट खाली ठेवा. मला मात्र इथून काढू नका.