मागची डावी बाजू

बाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली त्याला दोन महिने झाले होते. एवढे दिवस ते मागच्या सीटवर मुकाट बसून होते असं कुणाला वाटत असेल, तर त्याला बाबा माहीतच नाहीत. तीस वर्षं बस हाकलेला माणूस मागं बसला की पाहुणा होत नाही, तपासनीस होतो. "गिअर उशिरा टाकलास." "क्लचवरचा पाय काढ." मुलगा या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. त्याला चालवायला शिकवलं बाबांनीच, आणि आता तोच कानामागून येऊन तिखट झाला, असं बाबा सुनेला ऐकवत. सून हसायची, पण किल्लीच्या बाबतीत ती नवऱ्याच्याच बाजूची होती.

प्रकरण तसं किरकोळ होतं. बाबा चौकात गाडी वळवत असताना उजवीकडून आलेली एक स्कूटर दाराला घासून गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्कूटरवाला म्हणाला, मी तीनदा हॉर्न वाजवला. बाबा म्हणाले, एकदाही नाही. पोटच्या पोरानं त्या परक्या माणसावर विश्वास ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, हे बाबांना फार झोंबलं होतं.

मग तो आवाज सुरू झाला. गतिरोधकावरून गाडी उतरली की मागून एकदाच, टक.

"मागची डावी बाजू," बाबांनी निकाल दिला.

"मला नाही आला काही आवाज. बाबा, कान वाजतायत तुमचे."

काचा लावायच्या, रेडिओ लावायचा आणि वर म्हणायचं आवाज नाही! बाबांनी मनाशी ठरवून टाकलं. आवाज खरा निघाला की आपण खरे, आणि आपण खरे तर किल्ली आपली. त्यांनी असं टुमणं लावलं की शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मुलगा गाडी गॅरेजात घेऊन गेला, बाबांसकट.

गॅरेज एक बाई चालवायची. सगळे तिला ताई म्हणत. तिनं बाबांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, गाडी उचलली, मागचं डावं चाक काढलं. स्प्रिंग पाहिली, शॉकअ‍ॅब्सॉर्बर हातानं हलवून पाहिला, मग लांब लोखंडी टॉमी घालून एकेक सांधा उचकून पाहिला. काही हललं नाही.

"काका, इकडं सगळं घट्ट आहे."

"परत बघ."

मुलानं घड्याळाकडं पाहिलं. बाबांनी ते पाहिलं. आता हाही आवाज आपल्या म्हातारपणाच्या खात्यावर जमा होणार.

पण ताई चिवट निघाली. तिनं चाक बसवलं, मागची सीट पाडली आणि सरळ डिकीत जाऊन आडवी झाली. "चालवा दादा. रेडिओ बंद, काचा उघड्या. काका, तुम्ही पुढं बसा." पहिल्याच गतिरोधकावर टक झालं. बाबा जवळजवळ टाळी वाजवणार होते.

"आहे आवाज," मागून ताई ओरडली. "पण उजवीकडून येतोय!"

"डावीकडून!" बाबा म्हणाले.

"आता मला पण ऐकू आला," मुलगा ओशाळून म्हणाला. "उजवीकडूनच आहे, बाबा."

परत येऊन तिनं उजवं चाक काढलं. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं खालचं टोक बोल्टवर बसतं तिथलं रबर झिजून गेलं होतं आणि बोल्टला चांगली बोटभर मोकळीक मिळाली होती. तिनं टॉमीनं दाब दिला. टक.

बाबा गाडीच्या मागं उभे होते. ताई त्यांच्या डोळ्यांदेखत उजवीकडं बसली होती, आणि आवाज त्यांना डावीकडून आला. पुन्हा टक. पुन्हा डावीकडून. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तळहातानं डावा कान गच्च दाबून धरला. टॉमी हलत होती. ताई मुलाला काहीतरी समजावत होती, तिचे ओठ हलत होते. आवाज मात्र कसलाच नव्हता. बाबांनी हात काढला. टक परत ऐकू आलं, डावीकडूनच.

नवी रबरं दोन्ही बाजूंना बसवली गेली. बोल्ट शेवटचे आवळायच्या आधी ताईनं गाडी खाली घेऊन चाकांवर उभी केली, कारण लोंबत्या चाकावर आवळलं तर रबराला पीळ बसतो. एरवी यावर बाबांनी तिला शाबासकी दिली असती. मुलानं एक फेरी मारून आणली आणि गाडी अगदी गुपचूप चालली.

मग मुलगा खाली उतरला, बाबांसमोर आला आणि त्यानं किल्ली पुढं केली. "चुकलं माझं, बाबा. महिनाभर सांगत होतात, मी उडवून लावलं. घ्या. घरापर्यंत तुम्ही चालवा."

दोन महिने बाबा याच वाक्यासाठी झुरत होते. डावं काय नि उजवं काय, बाजू चुकल्याचं कुणी मनावरही घेतलं नव्हतं. हात पुढं केला की झालं. त्यांना किल्ली हवी होती, फार हवी होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"उजवा कान गेलाय माझा," ते म्हणाले. "पार गेलाय. मघाशी डावा झाकून बघितलं. त्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला असणार रे."

मुलगा त्यांच्या उजव्या हाताला उभा होता. तो बोलायला गेला आणि थांबला. बाबांना वळसा घालून डाव्या बाजूला आला, मग म्हणाला, "दुखतो का?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.